कीर्तन संपेपर्यंत

वडिलांचं पितृपक्षातलं पहिलं श्राद्ध त्यांच्या गावी व्हावं, म्हणून आल्हाद पुण्याहून उज्जैनला आला. सकाळी सिद्धवटावर पिंडदान झालं, दुपारी जयूआत्याच्या गच्चीवर कावळ्यासाठी पान ठेवलं. कावळा आला, पण मागच्या राममंदिराच्या भिंतीवर जाऊन बसला. पानाकडे ढुंकून बघेना.

“बाबा, आईला मी नीट सांभाळीन,” आल्हादने हात जोडले. कावळा हलला नाही.

“बाबा, सिगरेट सोडतो.” तरी नाही.

“आत्या, अडीचची गाडी आहे गं माझी!”

आत्याला हसूच फुटलं. “अरे, फालतू वचनं काय देत सुटलायस? ऐक जरा.” मंदिरात कीर्तन ऐन रंगात आलं होतं. “माझा दादा कधी कीर्तन अर्धवट टाकून पानावर बसलाय का? तूच त्याला देवळाच्या दारात सोडून पळायचास. अब बैठ चुपचाप!”

आल्हाद कठड्याला टेकून बसला. बुवांचा सुदामा रडतखडत द्वारकेला पोचला, देवाने पोह्यांची पुरचुंडी हिसकावून घेतली, टाळ्यांच्या कडकडाटात गजर झाला, मग आरती. आरतीची घंटा थांबली तसा कावळा उडाला आणि थेट पानावर उतरला.

“बघ, आधी वडाच उचलला!” आत्या म्हणाली.

आल्हादने घड्याळ पाहिलं. गाडी केव्हाच गेली होती. तो डोळे पुसत हसला.

बाबांच्या सोबतीने अख्खं कीर्तन त्याने आज पहिल्यांदाच ऐकलं होतं.