काचेतली गजराबाई

भोजनघर निघालंच नसतं, तर गजराबाई कशी जगली असती, हे तिच्यापुढं मांडलेलं यंत्र काचेच्या पडद्यावर दाखवी. खरी आणि पडद्यावरची, अशा दोघींची वजनं ताडून पाहून भोजनघराचा उपयोग ठरायचा. फरक दिसला नाही, तर गावातल्या साऱ्या एकट्या म्हाताऱ्यांची ही चूल विझणार होती.

पण यंत्र मांडल्यापासून खऱ्या गजराबाईचंच वजन उतरत चाललं. तपासणीला आलेली प्रमिला गोंधळून गेली. पुढ्यात ऊन भाकरी-पिठलं, आणि गजराबाई नुसती बसून.

"आजी, जेवत का नाही?"

"ती बघ की, थंड चुलीपुढं बसलीये. उपाशी माणसासमोर घास उतरतो होय गं?"

"ती खरी नाही, आजी. ती म्हणजे तुम्हीच आहात."

"मग तर झालंच. माझं मीच 'जेवलीस का' विचारायचं नाही, तर कुणी विचारायचं?"

प्रमिलाने पडदा बंद केला. "आता जेवा."

गजराबाईने ताट बाजूला सरकवलं. "तू दिवा मालवलास, म्हणून ती जेवली का?"

प्रमिलाने पडदा पुन्हा लावला. का लावला, ते तिचं तिलाच कळेना. मग तिघी तशाच बसून राहिल्या, आणि भाकरी निवत गेली.