सीताफळाचा मुल्की दाखला

१९९४ साली बरकतपुऱ्याच्या मैदानात मेघना आणि तिची स्वयंसेवक मंडळी दर रविवारी परदेशी झाडंझुडपं उपटून पळस-करंज लावत असत. गाजरगवत संपलं, घाणेरी संपली आणि मोर्चा कडेच्या सीताफळाकडे वळला. ते इंदुमतीकाकूंनी लावलेलं. त्या गेल्यापासून बाळकृष्णकाका रोज त्याच्याच सावलीत चहा घेत.

"काका, हे मूळचं अमेरिकेचं. यादीत आहे."

"तिथल्या कंपन्यांना पायघड्या, आणि झाडाला कुदळ होय गं?"

"नियम म्हणजे नियम, काका."

नियम म्हटल्यावर काकांना हुरूपच आला. पूर्वी हैदराबादेत सरकारी नोकरीला पंधरा वर्षं इथे राहिल्याचा मुल्की दाखला लागे, आणि काकांनी कचेरीत वर्षानुवर्षं तेच दाखले लिहिले होते. त्यांनी घरातून कागद आणून झाडाच्या नावाने एक ठसठशीत दाखला लिहिला: रहिवास बावीस वर्षं, वर्तणूक चांगली.

मेघनाला हसू आवरेना. "असला दाखला कोण मानणार, काका?"

"तुझ्या आजोबांचा मानला की," काका शांतपणे म्हणाले. "त्यांना तर साताऱ्याहून येऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती."