घरातलं उदाहरण

मुन्नालाल गुरुजी वाकले आणि भाचीच्या पाया पडले. शुभकामाला निघताना भाचीच्या पाया पडायची इकडे रीत आहे. भाची म्हणजे देवच. हा देव सातवीत होता आणि घरापुढच्या सपरीतल्या चटईवर पालथा पडून गृहपाठ करत होता. त्यानं पाय तेवढे सरळ केले आणि लिहीत राहिला.

शुभकाम म्हणजे आमगावची रजिस्ट्री. गुरुजींची बहीण फुलवंता वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा आज भावाच्या नावानं सोडणार होती. गाडी यायची होती. ती उंबऱ्याशी साडीचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. दरवर्षी भाऊबीजेला सुती साडी मिळायची. यंदा रेशमी मिळाली, तेव्हाच ती काय ते समजली.

“दादा,” ती खाली बघत म्हणाली, “रस्त्याकडची धानाची एक बांधी मले राहू दे ना. दोन खोल्या टाकीन. गोंदियात किती दिवस किरायानं राहू?”

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. उत्तर त्यांच्या बायकोनं दिलं. ओमेश्वरीबाई नवे तांदूळ पाखडत होत्या.

“बाई, बांधीचं काय घेऊन बसल्या, सारं घरच तुमचं आहे. पण जमिनीचे तुकडे पडले का मंग येणंजाणंही तुटते. आमच्या माहेरी पाहून राहिली ना मी.”

धमकी द्यावी तर अशी. ऐकणाऱ्याला वाटावं, जेवायलाच बोलावतायत. नवरा गेल्यापासून सणासुदीला जायला फुलवंताला हे एकच दार उरलं होतं.

“मामा,” रिंकीनं मान वर केली. “हक्क म्हणजे काय?”

शाळेतल्या बाईंनी दिवाळीच्या सुट्टीत शब्दांच्या व्याख्या लिहायला दिल्या होत्या. व्याख्या स्वतःच्या शब्दांत, आणि खाली घरातलं एक उदाहरण. स्वतःच्या शब्दांत म्हणजे मामाच्या शब्दांत, हे रिंकीनं ठरवूनच टाकलं होतं. गुरुजींचा चेहरा खुलला. मराठी शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. व्याख्या सांगावी तर त्यांनीच.

“पहिली गोष्ट, व्याख्येत तोच शब्द पुन्हा येऊ द्यायचा नाही,” ते खुर्ची पुढं ओढून म्हणाले. “दुसरी, व्याख्या अशी बांधायची का राजाले लागू अन् भिकाऱ्यालेही लागू. हं, लिही. जे मुळात आपलंच असतं, ज्यासाठी कोणापुढं हात पसरावा लागत नाही, आणि कोणी नाही म्हटलं तरी जे आपलंच राहतं, ते म्हणजे हक्क.”

खरंच सुरेख व्याख्या होती. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. रिंकीनं ती उतरून घेतली, उदाहरण आपल्या मनानं घातलं, आणि वर्गात उभं राहून वाचतात तसं मोठ्यानं वाचलं.

“उदाहरणार्थ, आजोबांच्या जमिनीत माझ्या आईचा हिस्सा.”

सूप थांबलं. सपरीतल्या सगळ्यांना त्या पोरीची भीती वाटली. तिच्या आईला सगळ्यात जास्त.

“कोणं शिकवलं तुले हे?” ओमेश्वरीबाईंनी विचारलं. प्रश्न रिंकीला होता, डोळे फुलवंतावर होते.

“मामानंच तं सांगतलं आता.”

गुरुजी हसले. ते रागावणाऱ्यांतले नव्हते. रागावले असते तर निदान भांडता तरी आलं असतं.

“व्याख्या बरोबर आहे, बेटा. उदाहरण बदल. मतदानाचा हक्क लिही.”

“घरातलंच पाहिजे. नाही तं बाई मार्क कापते.”

“बरं. मंग पुढचा शब्द कोणता?”

“दान.”

“घे! जमलं ना!” गुरुजींनी मांडीवर थाप मारली. “तेच उदाहरण उचल अन् दानाच्या खाली टाक. व्याख्या लिही. आपल्या मालकीची वस्तू परतफेडीची अपेक्षा न ठेवता, स्वखुशीनं दुसऱ्याला देणं, म्हणजे दान.” मग ते बहिणीकडे वळले आणि त्यांचा आवाज आणखी मऊ झाला. “देणारा मोठा असते, फुला. घेणारा लहान. मी लहानच झालो ना तुह्यापुढं?”

ज्याला जमीनही हवी आणि लहानपणही हवं, त्याच्याशी कोणी कसं भांडावं? फुलवंतानं साडीच्या डब्याचं झाकण दाबून बसवलं.

रिंकीनं हक्काखालचं उदाहरण खोडून टाकलं. तिथली जागा तिनं कोरी सोडली. दुसरं काही तिला घरात सापडेना.

गल्लीच्या तोंडाशी गाडीचा हॉर्न वाजला. गुरुजी कागदांची पिशवी घेऊन उठले. ओमेश्वरीबाई दही-साखर आणायला आत धावल्या. फुलवंता उभी राहिली आणि पायानं चपला चाचपू लागली.

“मामा, याच्यात स्वखुशीनं म्हटलं आहे,” रिंकी चटईवरूनच म्हणाली. पेन तिनं उचलून धरलं होतं. “आईले विचारून घेऊ का?”

गुरुजी पिशवीची चेन लावत राहिले.

फुलवंतानं एका चपलेत पाय घातला. तिनं भावाकडे पाहिलं नाही, लेकीकडेही पाहिलं नाही.

“विचारू नको,” ती म्हणाली. “लिही.”