घरची कडबाकुट्टी

"कसं झालं?" डॉक्टरांनी विचारलं, आणि ज्याचा हात होता त्याच्याकडे न बघता ते विश्वजीतकडे बघत राहिले.

हात बन्सीचा होता. उजवा. मशीन पुसायच्या चिंध्यांत गुंडाळलेला. विश्वजीत हा त्याचा सुपरवायझर. कुरकुंभच्या कंपनीतून दौंडला यायला वीस मिनिटं पुरतात. यांना दीड तास लागला, कारण मालकाचा फोन आल्याशिवाय गाडी गेटबाहेर काढायची नाही असं विश्वजीतनं ठरवलं होतं. बन्सीची बायको सीमा दौंडातच राहायची. बरोबरच्या कामगारानं फोनवर सगळं सांगताच ती रिक्षानं येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. तिच्यानंतर तासाभरानं जखमी माणूस पोचला.

"घरी कडबाकुट्टीत हात गेला," विश्वजीत अगदी सहज म्हणाला. हे कारण त्याला गाडीतच सुचलं असणार. घर म्हटलं की गोठा, गोठा म्हटला की म्हैस, आणि म्हैस म्हटली की तिची वैरण कापायला कडबाकुट्टी. खुटबावला त्याच्या घरी दोन कडबाकुट्ट्या होत्या. जिथं ती नसते असं घर त्यानं आतून कधी पाहिलंच नव्हतं.

डॉक्टर म्हणजे विश्वजीतचे दाजी, सख्ख्या बहिणीचे यजमान. त्यांनी मान डोलावली आणि लिहून टाकलं. कंपनीचं नाव घातलं की पोलिसांना कळवा, मग चौकशी, मग हेलपाटे. एवढा ताप घरच्या माणसाला कोण देतं? भिंतीवर पदव्या चौकटीत टांगलेल्या, आणि पेन चालतं ते मेव्हण्याच्या तोंडाकडे बघून.

संमतीपत्र सीमाच्या पुढ्यात आलं.

"सही करा ताई. तीन बोटं आहेत. जितका उशीर होईल तितकं कमी वाचेल."

वाचल्याशिवाय कुठल्याच कागदावर सही करायची नाही, हे सीमाच्या बापानं तिला शाळेत घालायच्या आधी शिकवलं होतं. तिनं वाचलं. इजेचं कारण, घरी कडबाकुट्टीत हात जाऊन. ही एक ओळ राहिली की कंपनी मोकळी. उद्या गेटवरचा वॉचमनसुद्धा बन्सीला ओळख देणार नव्हता. आणि सही नाही केली तर बोटं जाणार. तिला त्या दोघांची शिसारी आली.

"सायब, हे मशीनवर झालंय. माल लवकर निघावा म्हून मशीनच्या तोंडावरली जाळी काढून चालवाय लावलं व्हतं. समद्या पाळीला ठावं हाय."

"वहिनी, कारण काही लिहिलं तरी टाके तेच पडणार," विश्वजीत हसला. "आन् वाचतंय कोण?"

"मी वाचलं की."

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. "बाहेर वीस पेशंट खोळंबलेत माझे."

ते खरं होतं. वीसच्या वीस उघड्या दारातून आत बघत होते. दार लोटून घ्यावं, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

सीमानं पेन उचललं. विश्वजीतचा जीव भांड्यात पडला.

"करते सही," ती विश्वजीतकडे वळून म्हणाली, बाहेरच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं. "पन सायब, आमची पत्र्याची दीड खोली. दारात कोंबडं बी न्हाई. तिथं तुमी कडबाकुट्टी आनली. कडबाकुट्टी आली म्हंजी म्हस आली. म्हशीला वैरन आली, वैरनीला रान आलं. बापजन्मात गावलं न्हाई ते तुमी एका ओळीत दिलं. मंग ते रानबी लिवा की! गट नंबर टाका, सातबाऱ्याला ह्यांचं नाव लावा. खुटबावचंच द्या, तुमच्यातलं. मंग दोनी कागदांवर सही करते."

बाहेर एक म्हातारी आधी हसली. मग सगळा बाक हसला. एकानं मोबाईल वर धरला.

मोबाईल दिसताच डॉक्टरांची इतका वेळ निजलेली सदसद्विवेकबुद्धी खडबडून जागी झाली. त्यांनी कागद टरकावला आणि मेव्हण्यावरच डाफरले, "खरं सांगायला काय जातं रे तुमचं?"

"दाजी, अहो…" विश्वजीत म्हणाला, आणि न वाजलेला फोन कानाला लावून बाहेर गेला.

नवा कागद आला. डॉक्टरांनी पहिल्यांदा बन्सीकडे बघितलं. "कुठं झालं?"

बन्सीनं सांगितलं. कुरकुंभ, सकाळची पाळी, पावडर दळायचं मशीन, जाळी काढलेली. सीमानं शब्द न् शब्द वाचला आणि सही केली.

चिंध्या सोडवताना डॉक्टर म्हणाले, "करंगळी गेली. बाकीच्या दोन्हींचं बघू. जरा लवकर यायचं ना!" जणू बन्सी दीड तास जत्रेत फिरत होता.

स्ट्रेचर आत निघालं तेव्हा सीमानं त्याचा डावा हात धरला. इतका वेळ आवरून धरलेलं रडू आता तिला फुटलं. बन्सीचे ओठ पांढरे पडले होते. तो काहीतरी पुटपुटला, म्हणून ती वाकली.

"चुकलीस सीमे," तो म्हणाला. "विहिरीकडचं रान मागायचं व्हतं."