सणाचं पिंप

समुद्राखालच्या जुन्या तेलसाठ्यात जंतू पाळले होते. ते उसाची मळी खाऊन उरल्यासुरल्या तेलाचा गॅस करत आणि किनाऱ्यावरचा दिवाळीचा फराळ त्याच गॅसवर तळला जाई. दसऱ्यानंतर इंजिनियर शर्वाणीने दाब मोजून तेलावर जमलेल्या गॅसचा अंदाज काढला, तर तो हिशेबाच्या दीडपट भरला. आकडा चुकला असेल, तर ऐन दिवाळीत शेगड्या विझणार होत्या.

"सावेकाका, मळी जास्त गेली का?" तिने फोरमनला विचारलं.

"एकच पिंप. यंत्रांना झेंडूचे हार घातले, मग जंतूंनी काय सणालाही रोजचंच खायचं?"

"आणि रात्रपाळीने?"

"त्यांनीही एक. स्वयंपाक्यानेही."

शर्वाणीला हसू आवरेना. मोजलेला आकडा बरोबर होता. फक्त हिशेबात तिने स्वतः चोरून ओतलेलं एकच जादा पिंप धरलं होतं.