बिना लोड

दुकानातल्या स्वस्तातल्या साऱ्या गिटारी वाजवून पाहून सुजातानं त्यातली सगळ्यात दणदणीत आवाजाची उचलली. घरी येऊन तिनं पहिला हात मारला, तशी सेक्टर सहामधल्या त्यांच्या प्लांटच्या क्वार्टरातली फळीवरची भांडी किणकिणली. सकाळी ड्यूटीवरून आलेले तिचे बाबा, टिकाराम, हातातला चहा ठेवून उठले. प्लांटात मशिनी बसवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी चष्मा लावला, गिटार मांडीवर घेतली आणि एकेक खुंटी फिरवून साऱ्या तारा ढिल्या करून टाकल्या. आता छेडलं तर नुसती फडफड.

“बाबा, मोबाइलवरचा मास्तर तर तारा टाइट कराले सांगून राहिला!”

“त्यानं कधी प्लांटात काम केलं का? नवीन मशीन आधी बिना लोड चालवा लागते.”

सुजाता मन लावून मुक्या तारांवर बोटं फिरवत बसली. थोड्या वेळानं तिनं आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन विचारलं, “पण बाबा, लोड कधी द्याचा?”

पांघरुणातून पेंगुळलेला आवाज आला, “माही या हप्त्याची नाईट शिफ्ट संपली की.”