दुकान वाढवायचं आहे

नकाशा सारखा मिटत होता. शेवटी मावशींनी काउंटरवरचे चार डबे उचलले आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर दाबून ठेवले.

"आता बोल," त्या बांधकाम कंपनीच्या मुलीला म्हणाल्या. "मला रेघांतलं काही कळत नाही, पण तू बोट ठेव, मी बघते."

सगळी गल्ली त्यांना बटणमावशी म्हणायची. घराची पुढची खोली हेच दुकान. जमिनीपासून छतापर्यंत डबे, आणि आत काय आहे ते कळावं म्हणून प्रत्येक डब्याच्या तोंडावर एकेक बटण चिकटवलेलं. दोन माणसं आत आली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. मुलाने मावशींना एवढंच सांगितलं होतं, "आई, घराचं काम काढतोय. तुझी झोपायची सोय खाली करू, तो जिना नको आता." खाली म्हणजे कुठे, असं त्यांनी दोनदा विचारलं, तर दोन्ही वेळा "नकाशा येऊ दे" म्हणून तो सटकला. तेव्हापासून मावशींना चैन नव्हतं.

"ही तुमच्या मागची भिंत," मुलगी म्हणाली. "ही जाते."

"जाते? कुठे जाते?"

"पाडायची, मावशी. मग दुकान इथपर्यंत येतं. काउंटर असा काटकोनात वळतो. आणि रस्त्याच्या बाजूला ही दुसरी खिडकी."

"अगं बाई! आणि जेवायचं टेबल?"

"ते स्वयंपाकघरात सरकतं."

"आणि हे आडवं काय, साबणाच्या वडीसारखं?"

"तुमचा पलंग. मधे सरकतं दार. उठलात की दुकानात."

मावशींनी चष्मा कपाळावर सारला आणि कागदावर वाकल्या. पलंगावर बोट ठेवून ते हळूहळू चालवत दारातून बाहेर काढलं, काउंटरला वळसा घातला आणि दुसऱ्या खिडकीशी आणून थांबवलं. गुडघा कुठेच दुखला नाही.

"इथून काय दिसेल गं?"

"कोपरा. बसथांबा."

"म्हणजे बसमधून उतरणाऱ्यालाही दुकान दिसेल!" असं म्हणून त्या स्वतःशीच हसल्या. एवढं सगळं मनात ठेवून पोरगा गप्प बसला होता तर!

तेवढ्यात मुलगा कामावरून आला. आत मुलीशेजारी गिऱ्हाईक म्हणून आलेल्या एक बाई कोटाचं बटण जुळवत उभ्या होत्या, म्हणून तो रिवाजाप्रमाणे पायरीवरच थांबला. बाई गेल्यावर आत शिरला, नकाशाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम, हे काय काढलंय तुम्ही?"

"तुम्ही सांगितलंत तसंच," मुलगी म्हणाली. "फोनवर म्हणालात ना, आईचं दुकान वाढवायचं आहे आणि त्याच जागेत त्यांची झोपायची सोय करायची आहे. जागेचं गणित बसेना, पण बसवलं कसंबसं."

"अहो, वाढवायचं म्हणजे..."

पुढचा शब्द त्याच्या ओठांवर येऊन अडला. लहानपणी याच काउंटरमागे त्या शब्दासाठी त्याने कान पिळून घेतला होता. दुकानाला तसं म्हणायचं नाही रे, वाढवायचं म्हणायचं, असं आईने बजावलं होतं.

"म्हणजे काय?" मुलीने विचारलं.

मुलगा जमिनीकडे बघत राहिला. मावशींनी त्याच्याकडे पाहिलं, मग नकाशाकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. गेल्या महिन्यापासूनचं त्याचं सटकणं त्यांना आत्ता उमगलं.

"म्हणजे बंद, पोरी," त्या म्हणाल्या.

आणि डब्यांकडे एक नजर टाकली, त्यांनी ऐकलं तर नाही ना म्हणून.

मुलगी कानापर्यंत लाल झाली. "चुकलंच माझं. आमच्या घरी कुणाचं दुकान नाही... मी दुसरा नकाशा काढून आणते." तिने कागद उचलायला हात पुढे केला. पण एका कोपऱ्यावरच्या डब्यावर मावशींचा हात होता आणि तो काही हलेना.

"आई, ऐक ना," मुलगा खालच्या आवाजात म्हणाला. "तू जिन्यावरून घसरलीस तेव्हापासून मला धड झोप नाही. जरा कुठे वाजलं की उठून बसतो. खाली दुसरी मोकळी खोली आहे कुठे? आणि दिवसाला माणसं तरी किती येतात? चार."

"चारच येतात, कारण पाचवा मावत नाही."

मुलीला हसू फुटलं, ते तिने खोकल्यात लपवलं. मुलाला हसावं की चिडावं ते कळेना. त्याने उगाचच एक डबा सरळ केला, मग पुन्हा होता तसा तिरका केला.

"माझ्या काळजीने तुझी झोप उडाली, ते कळलं मला," मावशी म्हणाल्या. "पण हिच्या कागदात जिना कुठे आहे, दाखव बघू."

तो वाकला. पलंगापासून खिडकीपर्यंत त्याची नजर फिरली आणि परत पलंगाशी आली. जिना वाटेत कुठेच नव्हता.

बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले. गेली कित्येक वर्षं या वेळी करायचा तेच त्याने केलं. कोपऱ्यातली आकडी घेतली, शटरला अडकवली आणि रोजच्या सवयीने म्हणाला,

"चल आई, उशीर झाला. दुकान वाढवू या."

मावशींचं बोट दुसऱ्या खिडकीवर होतं. त्यांनी मान वर केली नाही.

"किती फूट?"